तोंड उघड, अंजना

मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. रेल्वेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली. आजूबाजूला सगळे खर्रा आणि बिडीचे भक्त, पण मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. आणि तरी त्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख गुडाखूनं तपकिरी झालं होतं. ते का झालं, तेच सांगायला बसलो आहे.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळसर लगदा. तिकडे पुण्याकडच्या बायका मिश्री लावतात, तसा इकडे छत्तीसगडात गुडाखू. छोट्या गोल डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांवर घासत बसायचं. माझी बायको अंजना लग्न होऊन तुमसरहून रायपूरला आली तेव्हा तिचे दात पांढरेशुभ्र होते. रेल्वे क्वार्टरच्या नळावरच्या बायकांनी सहा महिन्यांत तिला आपल्यात ओढलं. तेव्हापासून चाळीस वर्षं आमच्या घरात त्या डबीवरून भांडण. तीनदा मी ती नाल्यात फेकली. तीनदा तिनं तात्यापाऱ्यातल्या दुकानातून नवी आणली. वर मलाच सुनवायची, "यशदीपचे बाबा, तुमी कपाळाले आठ्या घालनं सोडा, मग मीबी डबी सोडीन."

मला त्या डबीची लाज वाटायची. पोराला इंजिनीअर केलं, घरात पुस्तकांचं कपाट आहे, आणि बाई पाहुण्यांसमोर पदराआड बोट घालून बसलेली. म्हणून चारचौघांत मी कधी कबूलच केलं नाही. ही लाज मला कुठं नेऊन सोडणार आहे, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नवं राज्य होऊन दहा वर्षं झाली होती, आणि राजधानीचा थाट आणायचा म्हणून जिकडे पाहावं तिकडे रस्ते खोदलेले. त्या खड्ड्यांतूनच आम्ही अंजनाला तेलीबांध्याच्या पुढे नव्या निघालेल्या हॉस्पिटलात नेलं. आधी पायांना मुंग्या आल्या. मग न्हाणीत पडली. तिसऱ्या दिवशी हात उचलेना आणि संध्याकाळपर्यंत श्वास पुरेना. भरती करताना फॉर्मवर विचारलं होतं, तंबाखू, दारू, काही व्यसन? मी म्हटलं, "काईच नाई." पेन थांबलंसुद्धा नाही.

डॉक्टर अनिमेष तरुण माणूस. सडपातळ, कायम उभा. त्यानं मला समजेल असं सांगितलं. शरीरातले पहारेकरीच स्वतःच्या नसांवर उलटले आहेत. औषध सुरू केलं आहे, नसा परत जाग्या होतील, पण महिनाही लागेल. तोवर श्वास मशीन घेईल. अंजना शुद्धीवर होती. सगळं ऐकत होती, पाहत होती. फक्त पापण्या आणि जबडा सोडून काही हलवता येत नव्हतं, आणि घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी बोलायचं ठरलं. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

"बीमारी से मैं उतना नहीं डरता, अंकल," डॉक्टर म्हणाला. "निमोनिया से डरता हूँ."

मग त्यानं कागदावर नळी काढून दाखवली. नळीच्या खालच्या टोकाला एक फुगा असतो. तोंडातली लाळ खाली उतरते आणि त्या फुग्याच्या वर साचते. निरोगी माणूस गिळतो, खोकतो, थुंकतो. हिला त्यातलं काहीच जमत नाही. चार-पाच दिवसांत तोंडात हॉस्पिटलातले वाईट जंतू ठाण मांडतात, आणि त्या साचलेल्या लाळेतून फुग्याच्या कडेनं थेंब थेंब फुप्फुसात झिरपतात. म्हणून खाटेचा डोक्याकडचा भाग कायम उंच ठेवायचा. तो किती उंच, त्याची खूण म्हणून भिंतीवर लाल पट्टी चिकटवलेली होती. म्हणून दर चार तासांनी तोंड साफ करायचं. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकानं हात धुवायचे. मी मान डोलवत राहिलो. कळलं सगळं. वळलं काय, ते पुढे येतंच आहे.

तोंड साफ करायचं काम रीनाचं. पंचविशीतली नर्स, नैनपूरकडची, आमच्यातलीच पोट्टी. पहिल्या दिवशी नाव वाचून "जय भीम, काका" म्हणाली. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. गुलाबी औषधात बुडवलेल्या बोळ्यानं ती दातांमागून, जिभेखालून, हिरड्यांवरून फिरवायची, बारक्या नळीनं लाळ ओढून घ्यायची, आणि मग खाटेशी लटकवलेल्या कागदावर वेळ टाकून सही करायची.

"आंटी के दाँत इतने काले कैसे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"लोहाच्या गोळ्या घेते न ते," मी म्हटलं. एका खोट्याला झाकायला दुसरं लागतं, ते असं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला मी आत गेलो. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, एका वेळी एकच माणूस. अंजनाच्या कपाळावर घाम होता. नाडीचा आकडा एकशे अठराच्या खाली येत नव्हता. डोळे सैरभैर. मी पाणी विचारलं, दोनदा पापणी. दुखतं का, दोनदा. यशदीपला बोलावू? दोनदा. आणि मग मला एकदम उमगलं. चाळीस वर्षांत तिचा एकही दिवस त्याशिवाय गेला नव्हता. मी कानाशी वाकलो.

"डबी पायजे?"

एकदा पापणी मिटली. घट्ट, बराच वेळ, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं.

त्या डोळ्यांपुढे माझं काही चाललं नाही. चार दिवस मी नुसता उभा होतो. मशीन श्वास घेत होतं, नर्सा कूस बदलत होत्या, डॉक्टर औषधं बदलत होते, आणि नवरा म्हणवणारा मी बाहेरच्या बाकावर चहा पीत होतो. आता कुठे तिनं मला काहीतरी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबी खिशातून नेली. दारात हात नीट धुतले, हे विशेष. मग पडद्याआड जाऊन धुतलेलं बोट डबीत घातलं, हरभऱ्याएवढा गुडाखू घेतला आणि नळीच्या कडेनं तिच्या डाव्या हिरडीवर हळूहळू घासला. ज्या डबीला चाळीस वर्षं शिव्या दिल्या तिच्यात माझं बोट! अंजनानं डोळे मिटले. कपाळ सैल झालं. आकडा खाली यायला लागला. एकशे दहा, एकशे दोन, शहाण्णव. मला वाटलं, मशीननंही मला शाबासकी दिली. मी खरंच आनंदात बाहेर आलो, हे लिहिताना आज अंगावर काटा येतो.

चार दिवस हे चाललं. रोज दोनदा. दुसऱ्याच दिवशी रीनानं नाक वर करून वास घेतला.

"काका, आप गुड़ाखू करते हो क्या? खुशबू आ रही है. मेरी नानी भी करती है."

मी अंजनाकडे पाहिलं. अंजना माझ्याकडे.

"हव," मी म्हटलं. "जुनी सवय हाय."

"तो बाहर ही निपटा के आया करो, और उँगली रगड़ के धोना," ती हसून म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या वयाकडे पाहून ठेवला असेल.

नवव्या दिवशी सकाळी मी गेलो तर खाटेभोवती चार माणसं. अंजनाला रात्रीतून ताप भरला होता, एकशे दोनच्या वर. घशातून ओढलेल्या लाळेची बाटली डॉक्टर अनिमेष उजेडाकडे धरून पाहत होता. आतलं पाणी तपकिरी होतं, चहाच्या गाळासारखं.

"पेट से खून ऊपर आ रहा है, ऐसा लगता है," तो दुसऱ्या डॉक्टरला म्हणाला. "फीड बंद करो. दोपहर में कैमरा डाल के देखते हैं." मग त्यानं टॉर्चनं तोंडात पाहिलं, आणि त्याचा आवाज बदलला. "ये क्या है? दाँतों के पीछे परत जमी है. रीना, माउथ केअर हुआ था?"

"हुआ है, सर. छह बजे भी किया."

"ये किया हुआ मुँह है? सही मारना काफी नहीं होता. इसी मुँह का कचरा नीचे फेफड़ों में गया है. समझती हो ना?"

"सर, मैंने सच में किया है. रोज़ साफ करती हूँ, फिर रंग आ जाता है…"

"बस. आज से इस बेड पर तुम नहीं. शाम को मेट्रन से बात करूँगा."

बोट आपोआप मुठीत गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर उन्हाळ्याची दुपार तापली होती. मला वाटलं, आत्ता कुणीतरी माझी मूठ उघडायला सांगेल. रीना खाली मान घालून उभी होती. नाकाचा शेंडा लाल झालेला. मला बोलायचं होतं, पण दातखीळ बसली.

आणि तेव्हा माझं लक्ष अंजनाकडे गेलं. ती माझ्याकडेच पाहत होती. तापानं डोळे लाल, पण नजर पक्की. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या खोलीत खरं ठाऊक असलेली माणसं दोनच होती. एकीच्या घशात नळी होती. दुसऱ्याच्या घशात काहीच नव्हतं, तरी तो गप्प होता. मी नजर चुकवली. चाळीस वर्षांत मी तिच्यापुढे इतका भ्यालो नव्हतो.

"अंकल, बाहर," कुणीतरी म्हणालं, आणि मी खरोखर बाहेर गेलो.

बाहेर यशदीप बसला होता. "बाबा, क्या बोला डॉक्टर?" मी म्हटलं, ताप आहे. एवढंच. मग मी हात धुवायच्या जागी गेलो आणि बोट घासत राहिलो. साबण, पुन्हा साबण. कातडीचा रंग गेला, नखाच्या कडेचा जाईना. मला कशाकशाची भीती वाटत होती, ते सरळ सांगतो. सांगितलं तर मला पुन्हा आत सोडणार नाहीत, आणि ती एकटी जाईल. पोरगा आयुष्यभर माझं तोंड पाहणार नाही. पोलिसात देतील, अशीसुद्धा भीती वाटली. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक भीती होती, तिच्याकडे मी बघतच नव्हतो. मी माझ्या बायकोला माझ्या हातानं मारलं.

न सांगावं तर तिच्या पोटात नसलेलं रक्त शोधायला कॅमेरा घालतील, आणि त्या पोट्टीची नोकरी जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तिथेच नळाशी वाकून रडलो. नळ चालू ठेवून रडलो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

एक वाजता खिडकीवर बोलावलं. कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी नवऱ्याची सही हवी होती. "इसमें रिस्क लिखा है, पढ़ लीजिए," तिथली बाई म्हणाली. ताप असताना, फुप्फुस खराब असताना काय काय होऊ शकतं, ते ओळीनं लिहिलेलं. मी पेन धरलं. पेनावर तेच बोट होतं. नखाची कड तपकिरी. मागे एकदा असाच एका फॉर्मपाशी मी खोटं बोललो होतो, आणि पेन थांबलं नव्हतं. या वेळी ते थांबलं.

"डॉक्टरसाबले बोलवा," मी म्हटलं. "आत्ताच बोलवा. सही नाई करत मी."

डॉक्टर अनिमेष आला. मी खिशातून डबी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "हे रक्त नाई, साहेब. गुडाखू हाय. मीनं लावला तिच्या हिरडीले. चार दिवस. त्या पोट्टीचा काई दोष नाई. तिनं मले इचारलं होतं, मी खोटं बोललो. फॉर्मातबी खोटं बोललो."

यशदीप मागे उभा होता. "बाबा?" एवढंच म्हणाला.

डॉक्टरनं डबी उघडली, वास घेतला, बंद केली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कितने साल से लेती हैं?"

"चाळीस."

"भर्ती के दिन बता देते," तो अगदी हळू म्हणाला, "तो बाँह पर निकोटीन की एक पट्टी लगा देता. तलब वहीं खत्म. मुँह में किसी को हाथ डालना ही नहीं पड़ता."

एक पट्टी. दंडावर चिकटवायची एक पट्टी. माझ्या लाजेपायी तेवढीही तिला मिळाली नव्हती.

कॅमेरा रद्द झाला. रीनाला परत बोलावलं, आणि डॉक्टर सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हणाला. मी हात जोडले तर ती बाजूला झाली. "काका, मैंने पूछा था आपसे," म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात खाली पांढरा डाग. निमोनिया झालेलाच होता.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते मला धड आठवत नाही. लाळेचा नमुना तपासायला गेला होता. कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, ते कळायला तेवढा वेळ लागणार होता. मी डॉक्टरला विचारलं, माझ्यामुळेच ना? तो म्हणाला, सांगता येणार नाही. इतके दिवस नळी असली की जंतू तसेही बसतात. गुडाखू नसता तरी झाला असता, किंवा नसता झाला. मी म्हटलं, एक काहीतरी सांगा. तो म्हणाला, "झूठ बोलूँ क्या?"

मला आत जायची बंदी नव्हती, फक्त हात लावायची होती. पण मी खाटेशी गेलो की अंजना डोळे मिटून घ्यायची. झोपेत नव्हती, पापण्या थरथरायच्या. मी म्हणायचो, अंजने, मी आलो. डोळे बंदच. मशीन फुसफुस करत राहायचं. ती अशीच गेली तर, या विचारानं माझ्या तोंडचं पाणी पळायचं. यशदीप माझ्याशी कामापुरतं बोलत होता. घरी वरण-भात तोच करत होता आणि ताट माझ्यापुढे सरकवून ठेवत होता.

बाराव्या दिवशी नमुन्याचं उत्तर आलं. औषध लागू पडणारं होतं, डॉक्टरनं अंदाजानं आदल्या दिवसापासून तेच सुरू केलं होतं. ताप शंभरवर आला होता. मी जरा श्वास घेतला असेल नसेल, तोच रीना दारात आली. त्या दिवसापासून पहिल्यांदा ती माझ्याशी आपण होऊन बोलत होती.

"काका, अंदर आइए. आंटी सुबह से मुँह नहीं खोल रहीं. दाँत भींच के रखे हैं. ज़बरदस्ती करूँ तो नली हिल जाएगी, और साफ नहीं किया तो फिर वही सब. डॉक्टर सर से पूछ लिया है. आप बोलके देखो."

माझ्याशी डोळे न उघडणारी बाई माझ्यासाठी तोंड उघडणार होती का? पण गेलो. रीनानं मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. स्वतः उभी राहून पाहत होती. नख मी त्याच दिवशी मुळापर्यंत कापून टाकलं होतं.

"अंजने," मी म्हटलं, "डबी आनली नाई मी. डागदरपाशी देऊन टाकली. सारं सांगून टाकलं. तू पाहून राहिली होती माह्याकडे, म्हणून सांगितलं. नाईतर मी सांगितलं नसतं, इतका भितरा हावो मी."

डोळे उघडले. तीन दिवसांनी.

"रागावली?"

एकदा पापणी.

"मी उशिरा बोललो म्हनून?"

एकदा.

मग मला राहवलं नाही. "का डबी बंद झाली म्हनून?"

जरा थांबून, एकदा. मागे रीना फसकन हसली आणि मग डोळे पुसायला लागली.

मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तळवे दाखवले, मग उलटे करून दाखवले, जेवायच्या आधी पोरं आईला दाखवतात तसे. ती त्या कापलेल्या नखाकडे बघत राहिली. चाळीस वर्षं मी या बाईला तोंड बंद कर म्हणत आलो, आणि आता माझा जीव तिनं तोंड उघडण्यावर टांगला होता.

"तोंड उघड न, अंजना," मी म्हटलं. "माह्यासाठी नको. या पोट्टीसाठी तरी उघड."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि जबडा सैल सोडला.

रीनानं चिमट्यात बोळा धरून चिमटा माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरून ठेवलं. आम्ही दोघांनी मिळून दातांमागून फिरवलं, जिभेखालून फिरवलं, आणि शेवटी डाव्या हिरडीवर, जिथे मी घासत होतो तिथे. पहिला बोळा तपकिरी निघाला. दुसरा फिका. तिसरा मी उजेडाकडे धरून पाहिला, तर त्यावर औषधाचा गुलाबी रंग होता आणि बाकी काही नव्हतं. तो मी अंजनाच्या डोळ्यांसमोर नेला, तिलाही दिसावा म्हणून.

मग रीनानं खाटेशी लटकवलेल्या कागदावर वेळ टाकली, सही केली, आणि पेन माझ्याकडे सरकवलं.